दर दहावं पान

ज्या पुस्तकामुळे हा सगळा प्रकार घडला, ते मुळात वाचण्यासाठी आणलंच नव्हतं. ते फ्रिजखाली घालायचं होतं.

निरीक्षकांच्या घरातला फ्रिज मागच्या डाव्या पायाने अधू होता. सुरू झाला की अंगात आल्यासारखा थरथरायचा आणि थरथरता थरथरता केसभर पुढे सरकायचा. महिनाभर कुणी लक्ष दिलं नाही तर तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायचा. शेवटी बायको म्हणाली, "अहो, खाली रद्दीचा ढीग लागलाय. त्यातलं एखादं जाडसं पुस्तक बघा आणि याच्या पायाखाली द्या, नाहीतर एक दिवस हा दार उघडून कामाला जाईल."

निरीक्षक हे वजनमापे निरीक्षक होते. दुकानांतले तराजू, वजनं, मापं तपासायची आणि शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. इमारतीतली मुलं त्यांना तराजूकाका म्हणत. फ्रिजसाठी नेमकी किती जाडी लागेल हे त्यांनी आधी पट्टीने मोजलं, मग खाली जाऊन ढिगातून नेमकं तेवढंच पुस्तक उपसलं आणि परत येताना ते सोसायटीच्या सभेत सापडले. म्हणजे सभा चालू होती, एक माणूस कमी पडत होता आणि सेक्रेटरींनी त्यांना दंडाला धरून आत बसवलं.

विषय होता मीटररूमशेजारच्या खोलीचा. त्या खोलीत जाळी नसलेलं एक टेबल-टेनिसचं टेबल आणि चेंडू नसलेल्या दोन बॅट होत्या. तिथे आता मुलांसाठी वाचनकट्टा करायचा, असं ठरलं. नऊ ते अकरा वर्षांचा लहान गट, तेरा ते पंधराचा मोठा गट. नगर वाचनालयाची योजना होती. एकेका कादंबरीच्या वीस वीस प्रती तीन महिन्यांसाठी मिळणार होत्या. सगळं एकमताने ठरलं. मग सेक्रेटरींनी विचारलं, "कादंबऱ्या निवडणार कोण?"

असा प्रश्न आला की सभेतली माणसं फरशीचं निरीक्षण करू लागतात. निरीक्षक मात्र, सवयीप्रमाणे, हातातल्या पुस्तकाची जाडी पुन्हा एकदा अंगठ्याने अजमावत होते.

"हे बघा!" सेक्रेटरी ओरडले. "सभेतसुद्धा यांच्या हातात कादंबरी!"

निरीक्षकांनी खाली पाहिलं. मुखपृष्ठावर खरंच 'कादंबरी' असं छापलेलं होतं. फ्रिजचं सांगून टाकायला हरकत नव्हती. पण निवृत्त हेडमास्तर त्यांच्याकडे आदराने बघत होते, आणि निरीक्षकांकडे आजवर त्यांच्या स्वतःच्या हेडमास्तरांनीही तसं पाहिलं नव्हतं. माणूस किती म्हणून मोह आवरणार?

"हो," ते म्हणाले. "सवय आहे."

टाळ्या पडल्या. निरीक्षक पुस्तक छातीशी धरून घरी आले. आता ते फ्रिजखाली घालणं शक्य नव्हतं. ते बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं ठेवावं लागलं. फ्रिज चालतच राहिला.

सगळ्यात जास्त आनंद मुलीला झाला. ती दहा वर्षांची होती आणि तिचं वाचन म्हणजे बालगुप्तहेर. चार मुलं, एक कुत्रा, एक पडका दीपस्तंभ आणि शेवटच्या प्रकरणात पोलीस अधिकाऱ्याने पाठ थोपटणं, एवढं असलं की तिचं भागायचं. तिच्याजवळ भिंग होतं. जिन्यातल्या सगळ्यांच्या चपलांची मापं तिने वहीत लिहून ठेवली होती. "माझे बाबा सगळ्या कादंबऱ्या वाचून मगच निवडणार आहेत," असं तिने संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांवर जाहीर केलं. निरीक्षकांना ते जिन्यातूनच ऐकू आलं. छाती जरा फुगली.

"तुम्ही शेवटची कादंबरी कधी वाचलीत हो?" बायकोने विचारलं.

"पाया पक्का असला की पुरतं," निरीक्षक म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले येऊ लागले. हेडमास्तरांनी जिन्यात गाठून सांगितलं, "कादंबरीत बोध हवा. पण तो दिसता कामा नये. आणि मुलांना कळल्याशिवाय राहता कामा नये." तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरबाई दातांच्या होत्या. त्यांनी भर रस्त्यात स्कूटर थांबवली. "या गुप्तहेर मुलांचं मला एक पटत नाही. दर चार पानांनी केक खातात. दात घासल्याचा एवढासुद्धा उल्लेख नाही." सेक्रेटरींचं मागणं साधं होतं. कादंबरीत कुठेही पाण्याच्या टाकीवरून भांडण नको, लोकांना वाटेल आपण मुद्दाम निवडली. दर थोड्या दिवसांनी तोच जिना, तेच सल्ले, आणि निरीक्षक प्रत्येकाला गंभीरपणे "बघतो" म्हणत. हा शब्द त्यांना कार्यालयात अठरा वर्षं पुरला होता.

वाचनालयात ग्रंथपालबाईंनी त्यांच्यापुढे तेरा कादंबऱ्यांची थप्पी आणि 'नमुना सात' ठेवला. बाईंचा चष्मा दोरीला होता आणि शिक्का हाताला. शिक्के मारता मारताच त्या बोलत.

"कादंबरीचं नाव, पानं, गट." ठप्प. "कथेत गुन्हा घडतो का." ठप्प. "घडत असला तर गुन्हेगाराला शिक्षा होते का, होय किंवा नाही. 'नाही' असेल तर ते पुस्तक लहान गटाला मिळणार नाही, नियम आहे." ठप्प. "खाली तुमचं प्रमाणपत्र. 'सदर कादंबऱ्या मी पहिल्या पानापासून अखेरच्या पानापर्यंत वाचल्या आहेत.' तीन प्रतींत. कार्बन चालत नाही. दहा दिवसांत."

"दहा दिवसांत तेरा?"

"तुम्हाला सवय आहे, असं तुमच्या सेक्रेटरींनी पत्रात लिहिलंय." ठप्प.

पहिले सात दिवस निरीक्षक थप्पीकडे बघत बसले. आठव्या दिवशी ते एका किराणा दुकानात तपासणीला गेले. तिथे नेहमीप्रमाणे दुकानदाराने दहावं पोतं पुढे केलं, त्यांनी त्याचं वजन केलं, बरोबर भरलं, सगळ्या दुकानाला शिक्का मिळाला. खात्याची पद्धतच ती. दर दहावा नमुना तपासायचा. तो चोख तर सगळा माल चोख. अकरा वर्षं हे दुकान निर्दोष निघत होतं. आणि दुकानाच्या पायरीवर निरीक्षकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

पोतं काय आणि कादंबरी काय, दोन्ही भरलेलीच असतात. दर दहावं पान!

त्या रविवारी दुपारच्या जेवणाआधीच तेराच्या तेरा कादंबऱ्या उरकल्या. 'हरवलेली घंटा' या कादंबरीत दहाव्या पानावर एक मुलगी कंदील घेऊन चिखलातले ठसे बघत होती. विसाव्यावर ती आणि तिचा भाऊ संशयितांची यादी करत होते. शोध चाललाय तो शाळेच्या चोरीला गेलेल्या पितळी घंटेचा, हे निरीक्षकांना तिसाव्यावर कळलं. पुढे बरंचसं असंच शोधाशोधीचं. दोनशे दहाव्या पानावर मुलगी दुकानाच्या पायरीवर उभी राहून सगळ्या गावासमोर म्हणाली, "घंटा कुणी घेतली ते मला माहीत आहे!" पुढे दोनच पानं होती. त्यात पकडतील, निरीक्षकांनी ठरवून टाकलं. बालगुप्तहेर, लहान गट. गुन्हा: आहे. शिक्षा: होय.

'पाचवं दार' मात्र निराळी निघाली. तिच्या चाळिसाव्या पानावर एका मोठ्या हॉटेलचा दरबान काही मुलांना सांगत होता, "तुमच्यासारख्या काळ्या तोंडांना इथे प्रवेश नाही." पन्नासाव्या पानावर ती मुलं पायरीवर बसून रडत होती. निरीक्षक हलले. 'वर्णभेदाच्या अन्यायावर परखड भाष्य', त्यांनी शेऱ्यात लिहिलं, आणि 'परखड' या शब्दाखाली हलकीशी रेघही मारली. मोठा गट.

ती मुलं एकोणचाळिसाव्या पानावर चोरांचा पाठलाग करताना कोळशाच्या तळघरात पडली होती आणि एकावन्नाव्या पानावर तोंड धुऊन आत गेली होती, हे कळायला मार्ग नव्हता. त्या पानांना शेवटी शून्य नव्हतं.

प्रमाणपत्रावर सही करताना पेन क्षणभर अडखळलं. मुलगी शेजारी उभी होती. "सगळी वाचलीस, बाबा? तेरा?"

"तपासली," निरीक्षक म्हणाले. ते खोटं नव्हतं. पण तिने जिन्यात जाऊन सांगितलं, "वाचली!"

पुस्तकं आली. दोन आठवड्यांनी 'पाचवं दार'वर मोठ्या गटाची चर्चा ठेवली होती आणि चर्चा घ्यायची होती निरीक्षकांनी. अकरा मुलं खुर्च्यांवर लांब पाय पसरून बसली होती.

"तर," निरीक्षकांनी घसा साफ केला, "या कादंबरीतला अन्याय कुणाकुणाला जाणवला?"

मुलांनी पुस्तकं पुन्हा चाळून पाहिली. मग डॉक्टरबाईंचा मुलगा, ज्याला नुकतीच मिशी येऊ घातली होती आणि जो तिच्याशी सारखा चाळा करत होता, म्हणाला, "काका, यात चार मुलं आणि एक कुत्रा आहे."

"कुत्रा प्रतीक आहे," निरीक्षक म्हणाले.

"कशाचं?"

"ते तुम्ही शोधायचं."

मुलांनी आपापसात कुजबुज केली. शेवटी त्यानेच निकाल सांगितला. "सगळ्यांना केक मिळतो, कुत्र्याला मिळत नाही. तोच अन्याय असणार."

"वा!" निरीक्षक म्हणाले. कानशिलं तापली होती. मागे बसलेल्या डॉक्टरबाई मात्र खूश दिसल्या; निदान कुत्र्याचे दात तरी शाबूत राहिले.

खरा स्फोट लहान गटात झाला. एका संध्याकाळी दारावर थाप पडली. बाहेर सात मुलं उभी होती, पुढे स्वतःची मुलगी, हातात 'पुरावे' असं लिहिलेली वही.

"बाबा, 'हरवलेली घंटा'ची शेवटची पानं नाहीयेत."

"कुणाच्याच पुस्तकात नाहीयेत, तराजूकाका," एक चष्मेवाली म्हणाली. "आम्ही वीसही बघितली."

"चोर पकडलेलाच नाही! चोर कोण ते आम्हाला कळलंय, त्या पुस्तकातल्या मुलीलाही कळलंय, आणि पकडतच नाहीत!"

"उलट त्या धोबीणबाईलाच तुरुंगात नेतात," मुलगी म्हणाली. "तिने काहीच केलेलं नसताना. असं कसं संपेल? पुढे असणारच ना काहीतरी?"

चौदा डोळे निरीक्षकांवर रोखलेले. 'मी वाचलेलं नाही' ही तीन शब्दांची गोष्ट. पण त्या सातांत एक आपलं असलं की ते तीन शब्द घशाखालून वर येत नाहीत.

"छपाईची चूक असेल," ते म्हणाले. "मी वाचली त्या प्रतीत होतं सगळं. पकडतात. शेवटी पकडतात."

मुलांचे चेहरे उजळले. निरीक्षकांना वाटलं, सुटलो.

गुप्तहेर मुलांना थाप मारू नये. सातही जण दुसऱ्या दिवशी शाळेतून थेट वाचनालयात गेले आणि त्यांनी रीतसर अर्ज दिला: आमच्या प्रतींत शेवट नाही, तराजूकाकांच्या प्रतीत होता, तरी ती प्रत मिळावी. खाली सात सह्या आणि, का कोण जाणे, सात अंगठ्यांचे ठसे. ग्रंथपालबाईंनी वीस प्रती मागवून घेतल्या, पानं मोजली, आणि शुक्रवारी प्रतींबरोबर सोसायटीत पत्र आलं. 'सर्व प्रती पूर्ण आहेत. कादंबरी २१२ पानांचीच आहे. निवडकर्त्यांनी कोणती प्रत वाचली याचा खुलासा रविवारच्या सभेत आमच्यासमक्ष करावा.'

पत्र सूचनाफलकावर लागलं. ते मुलीने भिंगातून वाचलं, आणि घरी येऊन ती काहीच बोलली नाही. एरवी ती जेवताना सतत बोलायची. फ्रिजची थरथर तेवढी ऐकू येत होती.

"सांगून टाका तिला," बायको हळूच म्हणाली.

"काय सांगू?"

"जे मला पहिल्या दिवसापासून माहितीय ते."

शनिवारी सकाळी निरीक्षक 'हरवलेली घंटा' घेऊन गॅलरीत बसले. पहिल्या पानापासून. त्या गावात गोऱ्यांची वस्ती नदीच्या अलीकडे आणि काळ्यांची पलीकडे होती. धोबीण पलीकडची होती आणि अलीकडच्यांच्या चादरी धुवायची. पान नऊ, पान अकरा, पान अठरा. निरीक्षक ओठ हलवत वाचत होते. बायकोने चहा ठेवला, तो गार झाला. दुसरा ठेवला, तोही झाला.

सत्त्याऐंशीव्या पानावर ते ताडकन उभे राहिले.

"अगं, ऐकलंस का? दोन वजनं!"

"कुठं?"

"दुकानात! त्या गावातल्या! गोरं गिऱ्हाईक आलं की एक वजन काढतो आणि काळं आलं की दुसरं, आतून पोखरलेलं! एकाच तराजूला दोन वजनं! सगळ्या गावाला माहितीय, आणि कुणी…" त्यांचा आवाज चिरकला. "निरीक्षक काय करत होता तिथला?"

"असेल दर दहावं बघत," बायको म्हणाली आणि कपबशा घेऊन आत गेली.

निरीक्षक खाली बसले. सत्त्याऐंशी. मागचं ऐंशी त्यांनी पाहिलं होतं, पुढचं नव्वदही. त्या दोन पानांवर मुलं नदीत चपट्या दगडांच्या भाकऱ्या उडवत होती. मग त्यांनी उरलेलं पुस्तक एका जागी बसून संपवलं. घंटा गावच्या न्यायाधीशाच्या मुलाने चोरलेली होती. धोबीण खरं बोलली, पण तिच्या बोलण्याला त्या कोर्टात वजनच नव्हतं. दोनशे अकराव्या पानावर, मुलीने चोराचं नाव घेतल्यावर, सगळ्या मोठ्या माणसांनी माना फिरवल्या, आणि एकाने तिला सांगितलं, "उशीर झालाय, घरी जा." दोनशे बाराव्या पानावर धोबिणीला घेऊन गाडी गेली. दोरीवर गावाच्या पांढऱ्या चादरी वाळत होत्या.

पुढे कोरं पान होतं. निरीक्षकांनी तेही उलटून पाहिलं.

रविवारी मीटररूमशेजारच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. लहान गट पुढे मांडी घालून, पालक मागे, ग्रंथपालबाई टेबल-टेनिसच्या टेबलाशी शिक्क्यासकट.

"बोध आहे," हेडमास्तर म्हणाले, "पण फारच दिसतो."

"दहा वर्षांच्या मुलांना असं कुणी देतं का?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "आमची धाकटी तीन दिवस चिडलेली आहे. नुसती खोलीत येरझाऱ्या घालते."

"पुस्तक परत करून विषय मिटवू," सेक्रेटरी म्हणाले. त्यांना सगळेच विषय मिटवायचे असत.

"आम्ही नाही देणार परत!" लहान गट एका सुरात ओरडला.

मुलगी उभी राहिली. तिने वही छातीशी धरली होती. "बाबा, तू म्हणालास, शेवटी पकडतात. तू वाचलं होतंस ना?"

निरीक्षकांनी आयुष्यात पुष्कळ दुकानदारांना असा प्रश्न विचारला होता, आणि समोरचा माणूस काउंटरवरचे दाणे का चिवडू लागतो, हे त्यांना आज कळलं.

"नाही," ते म्हणाले. "वाचलं नव्हतं. दर दहावं पान बघितलं होतं. तेराही पुस्तकांचं तसंच. काल वाचलं, सगळं. पकडत नाहीत गं. पानंबिनं काही हरवलेली नाहीत. ते तसंच संपतं."

"आणि सभेतली ती कादंबरी?" हेडमास्तरांनी दुखावलेल्या आवाजात विचारलं.

"फ्रिजखाली घालायला आणली होती."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. डॉक्टरबाईंचा मुलगा म्हणाला, "मग कुत्रा?"

मुलगी बापाकडे बघत होती, भिंगाशिवाय. मग तिने वहीत काहीतरी खोडलं आणि काहीतरी लिहिलं. "कबुली," ती शेजारच्या चष्मेवालीला हळूच म्हणाली. "स्वतःहून दिली. असं लिहायचं."

ग्रंथपालबाईंनी जुना नमुना सात आडवा खोडला आणि नवा कोरा पुढे सरकवला. "नीट भरा. गुन्हा?"

"आहे," निरीक्षक म्हणाले. "तीन. घंटेची चोरी, खोटा निकाल, आणि दोन वजनं."

"शिक्षा? होय की नाही? 'नाही' लिहिलंत तर पुस्तकं आत्ता घेऊन जाते. नियम आहे."

पेन कागदावर टेकलं. नाही, हेच खरं होतं. समोर लहान गट श्वास रोखून बसला होता. वीस पुस्तकं वीस मांड्यांखाली दडवलेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच निरीक्षकांना खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहवत नव्हतं.

"बाबा," मुलगी म्हणाली, "लिही ना, अजून नाही."

"असा रकाना नाही," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"पण खरं तेच आहे. आम्ही सोडलेलं नाही ते."

निरीक्षकांनी दोन्ही चौकोन रिकामे सोडले आणि मध्ये लिहिलं: 'अजून नाही.' सही केली. तीन प्रतींत, कार्बनशिवाय.

बाईंनी चष्मा लावला. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग अगदी कोरड्या आवाजात म्हणाल्या, "दोन्हीपैकी एकही चौकोन भरलेला नाही. म्हणजे प्रकरण प्रलंबित. वरून निर्णय येईपर्यंत पुस्तकं आहेत त्याच गटाकडे राहतील." ठप्प.

"किती दिवसांत येतो निर्णय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"मी नोकरीला लागले तेव्हाचा एक यायचाय," बाई म्हणाल्या, आणि शिक्क्याला टोपण लावलं. लहान गटाने इतका गलका केला की मीटररूममधले मीटर हलले म्हणतात.

त्यानंतर घरात नवी पद्धत सुरू झाली. निरीक्षक रोज संध्याकाळी कादंबरी वाचत आणि मुलगी जेवणाआधी तपासणी घेई. "पान त्रेसष्ट, काय होतं?" शेवटी शून्य असलेलं पान ती कधीच विचारत नसे. पहिल्या आठवड्यात ते दोनदा नापास झाले आणि दोन्हीदा त्यांना पुन्हा वाचायला बसवलं. पण ती जेवताना बोलू लागली होती. फ्रिजखाली 'नमुना सात'च्या बाद झालेल्या प्रती, तीन पदरी घडी करून, घातल्या. तो जागचा हलला नाही.

आणि एका सोमवारी ते त्या निर्दोष किराणा दुकानात गेले. दुकानदाराने हसून दहावं पोतं पुढे ओढलं.

"ते राहू द्या," निरीक्षक म्हणाले. "नववं काढा."

दुकानदाराचा हात पोत्यावरच राहिला. अकरा वर्षं तो ज्या चेहऱ्याला ओळखत होता, त्याच्याकडे त्याने नीट निरखून पाहिलं.

"साहेब," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्ही हल्ली काही वाचायला लागलात का?"